पडद्यावरची कोरडी जागा

१

लालासाहेबांच्या सिनेमाच्या तंबूत पडदा मधोमध टांगलेला असे. अलीकडे पुरुष बसत, पलीकडे बायका. यंत्र पुरुषांच्या बाजूला. बायकांनाही चित्र दिसावं म्हणून खेळाच्या आधी पडदा पाण्यानं चिंब भिजवायचा, म्हणजे उजेड कापडातून पलीकडे झिरपतो. बायकांना अर्थातच सगळं उलटं दिसे. नायक डाव्या हातानं जेवे आणि डाव्या हातानं तलवार उपसे. त्याबद्दल कुणा बाईनं तक्रार केल्याचं माझ्या कानावर आलं नाही. इतर तंबूवाल्यांनी ही पद्धत केव्हाच सोडली होती. लालासाहेब सोडायला तयार नव्हते. "बाया शेजारी बसल्या की बापयं पडद्याकडं बघत न्हाईत," असं त्यांचं म्हणणं.

मी मूळचा साताऱ्याचा, पण नोकरी सांगलीला, संस्थानी कचेरीत. चव्वेचाळीस साल संपत आलं होतं. लढाई चालू, रॉकेल रेशनवर, मोटारी कोळशाच्या धुरावर. कृष्णेकाठच्या मैदानात तंबू लागला तेव्हा आगीचा धोका नको म्हणून कचेरीनं रोज संध्याकाळच्या खेळाला एक कारकून हजर ठेवला. तो मी. आग लागलीच तर कारकुनानं काय करायचं, ते हुकुमात नव्हतं. वाळूच्या बादल्या भरलेल्या आहेत एवढं पाहायचं आणि खेळ संपेपर्यंत तिथं असायचं. वाळू असे, मी असे. दोघांचाही उपयोग सारखाच.

पडदा भिजवायचं काम कोंडीबाकडे होतं. म्हातारा लांब बांबूच्या टोकाला गोणपाटाचा बोळा बांधून तो बादलीत बुचकळी आणि भिंत सारवावी तसा पडदा वरपासून खालपर्यंत सारवी. पहिल्या संध्याकाळी मी ते पाहत उभा राहिलो. मध्याच्या जरा उजवीकडे एक जागा भिजत नव्हती. ताटलीएवढी. कोंडीबानं बोळा फिरवला की ती ओली होई आणि माझ्या डोळ्यांदेखत पुन्हा कोरडी पांढरी पडे. तापलेल्या तव्यावर पाणी शिंपडावं तशी.

"तेल सांडलंय काय रे तिथं?" मी विचारलं.

"तेल कुठलं आणताय, भाऊसायेब? दोन वर्सामागच्या म्हसवडच्या जत्रंपासनं त्ये असंच हाय. किती बी पानी घाला, समद्या पडद्याचं पानी त्येच पितंय."

मी हसलो. कोंडीबा हसला नाही. त्यानं रिकामी बादली उचलली आणि आणखी पाणी आणायला गेला.

२

चित्र इंग्रजी होतं, मुकं आणि म्हातारं. लढाईमुळे नव्या फिती मिळेनाशा झाल्या, तेव्हा लालासाहेबांनी ते मुंबईतल्या कुठल्याशा बंद गुदामातून उचललं होतं. बाहेर फलक लागला होता: 'काळजातला काटा अर्थात विलायती दगा'. मधून मधून इंग्रजी पाट्या येत. त्या समजावून सांगायला पडद्याच्या कडेला एका खोक्यावर नाथाजी उभा राही. नाथाजी रहिमतपूरचा. मानेवर रुळणारी झुलपं, रेशमी सदरा, हातात वेताची छडी. त्याला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं, त्यामुळे भाषांतर अतिशय ओघवतं होई.

"हां, मंडळी! ह्यो रंगराव. शिकलाय लय, पर खिसा फाटका. त्येला लंडनची दिवाणगिरी पायजे. लंडन म्हंजी आपलं फलटणच समजा, फकस्त धुकं जास्त. आन् ही शेवंता. शेतकऱ्याची पोर. आता रंगराव हिला काय सांगतोय? 'शेवंता, तुला मी रानी करतो!' बघा कशी लाजली! आरं, लाजू नगं पोरी, पळ!"

नाथाजीचा आवाज मात्र खरोखर चांगला होता. मधाळ म्हणतात तसा. तो 'शेवंता' म्हणे तेव्हा दाणे फोडणारे हात थांबत.

गोष्ट सरळ होती. रंगराव शेवंताला फूस लावून शहरात नेतो, एका खोलीत ठेवतो आणि वर चढायची शिडी दिसताच लाटसाहेबाच्या मुलीशी लग्न लावतो. शेवंता त्याच्या दारापर्यंत जाते, खिडकीतून दिवे पाहते आणि परत फिरते. शेवटच्या चित्रात ती नदीवरच्या पुलावर आपल्याकडे पाठ करून उभी राहते. डोक्यावर तिकडची टोपी, खांद्यावर शाल. नुसती उभी. आणि तिथंच फीत संपे, कारण पुढचा तुकडा विट्याला जळाला होता. पुढे तिचं काय होतं ते लंडनात कुणाला ठाऊक असेल तर असेल.

नाथाजीनं पदरचा शेवट जोडला होता. "आन् तेवढ्यात, मंडळी, मागनं हाक आली: शेवंता! रंगराव पळत आला! म्हनला, चुकलो गं. आन् तिचा हात धरून घरला घिऊन ग्येला!" पडद्यावर रंगरावाचा पत्ता नसे. तरी लोक शिट्ट्या मारत, फेटे उडवत आणि समाधानानं घरी जात.

शेवंताचं डोकं नेमकं त्या कोरड्या जागेवर येई. आमच्या बाजूनं ते जास्त उजळ दिसे, कारण कोरडं कापड उजेड परत फेकतं. म्हणजे पलीकडून तिथं काळोख दिसत असला पाहिजे. शाळेतलं पदार्थविज्ञान इतक्या वर्षांनी उपयोगी पडलं म्हणून मी खूष होऊन घरी गेलो.

३

घर म्हणजे जिनदत्त अण्णांच्या घरातली रस्त्याकडची खोली. अण्णा हळदीचे व्यापारी. हात कायम पिवळे, बोलणं कमी. घरात ते आणि त्यांच्या पत्नी गुणमालाक्का, दोघंच. जैनांचं घर. दिवस मावळायच्या आत जेवणं आणि त्यानंतर पाण्याचा घोटसुद्धा नाही. पाणी जाड फडक्यातून गाळूनच प्यायचं. आणि फडक्यात अडकलेले जीव मरू नयेत म्हणून ते उलटं करून पुन्हा त्याच विहिरीत धुवायचं. मी दिवसाकाठी किती जीव पितो, ते अक्कांनी मला एकदा समजावून सांगितलं होतं. त्यानंतर मी आठवडाभर चहावर काढला. चहा पाण्याचा करतात हे माझ्या नंतर लक्षात आलं.

त्यांना एक मुलगी होती, चंदनबाला. दोन वर्षांपूर्वी लालासाहेबांचा तंबू सांगलीहून उठला आणि त्याच आठवड्यात चंदनबाला घरातून नाहीशी झाली. लोकांना सांगितलं, फलटणला आत्याकडे आहे. अण्णा मात्र नदीवर गेले आणि तिच्या नावानं आंघोळ करून आले, माणूस गेल्यावर करतात तशी. त्या दिवसापासून घरात तिचं नाव निघालं नव्हतं. अक्कांना रडायचीही सोय उरली नव्हती.

तंबू लागल्यावर चार-पाच दिवसांनी अक्का माझ्या दारात आल्या. उन्हं अजून कौलांवर होती, पण त्यांचं जेवण झालेलं होतं.

"भाऊसाहेब, तंबूत बायकांच्या बाजूला जागा मिळंल काय मला?"

मी अण्णांकडे पाहिलं. ते ओसरीवर हळकुंडं मोडून वास घेत बसले होते. त्यांना काही ऐकू आलं नव्हतं. निदान तसं त्यांनी ठरवलं होतं.

वाटेत अक्का म्हणाल्या, "चंदन पडद्यामागं बसायची. त्या नाथाजीचं तोंड तिनं आधी बघितलंच न्हवतं. नुसता आवाज ऐकायची. घरात काम करता करता त्याच्यासारखं बोलून दाखवायची आन् हसायची. आवाजावर गेली ती."

"त्याला कुणी विचारलं नाही?"

"कोण इचारणार? ह्यांनी आंघोळ केली. मेलेल्या माणसाचा पत्ता इचारत्यात व्हय कुणी?" मग थोडं चालून त्या म्हणाल्या, "मला तिला परत आणायची न्हाई, भाऊसाहेब. तेवढं बळ न्हाई माझ्यात. कुठं हाय, हाय का न्हाई, एवढं कळू द्या. न्हाई तर न्हाई. मग मी बी आंघोळ करीन."

त्या संध्याकाळी अक्का पडद्यामागं जाऊन बसल्या. दुसऱ्या दिवशीही गेल्या. मग रोजच.

४

बायकांच्या दारावर लीलाबाई बसे. तोंडात तंबाखू, मांडीवर कंदील, लालासाहेबांनासुद्धा उलटून बोलणारी. एका संध्याकाळी तिनं मला खूण करून बाजूला घेतलं.

"आवं भाऊसायेब, बाया शेवटाला थांबंनात. पूल आला की उठत्यात आन् चालायला लागत्यात."

"का?"

"तिचं तोंड बघवत न्हाई."

"कुणाचं?"

"पुलावरच्या बाईचं."

"ती तर पाठमोरी आहे."

"ती तुमच्याकडनं."

मी खिशातून रुमाल काढला आणि त्यावरची नक्षी दोन्ही बाजूंनी दाखवली. मागून पाहिलं तर डावं उजवं होतं, मागचं पुढं होत नाही. पाठमोरं माणूस पलीकडूनही पाठमोरंच. लीलाबाईनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"व्हय, बराबर हाय तुमचं," ती म्हणाली. "पर तोंड हाय."

मी लालासाहेबांना नवं कापड लावायला सांगितलं. जुनं कुबट झालंय, म्हटलं. नवं मांजरपाट आलं. कोंडीबानं ते भिजवलं, आणि त्याच ठिकाणी ताटलीएवढी जागा हळूहळू पांढरी पडली. मी पडदा हातभर डावीकडे सरकवायला लावला. कापड सरकलं. जागा सरकली नाही. शेवंताचं डोकं जिथं येणार होतं तिथंच राहिली.

तेव्हा मी एक शहाणपणाची गोष्ट केली. दुपारी तंबूची कापडं ओढून घेऊन यंत्रवाल्याला फक्त शेवटचा तुकडा लावायला सांगितला आणि लीलाबाईला घेऊन स्वतः बायकांच्या बाजूला बसलो. पूल आला. शेवंता उभी राहिली, पाठमोरी. टोपीच्या जागी काळपट डाग, माझ्या पदार्थविज्ञानानं सांगितला होता तसाच. तोंडबिंड काही नाही. मला फार बरं वाटलं.

"बघितलंत?" मी म्हणालो.

"आत्ता नाथाजी बोलत न्हवता न्हवं," लीलाबाई म्हणाली आणि बाहेर जाऊन थुंकली.

त्या संध्याकाळी परत येताना मी अक्कांना विचारलं. मला वाटलं, त्या तरी रुमालाचं ऐकतील.

"वळती ती," अक्का म्हणाल्या. "त्यानं 'रंगराव पळत आला' म्हटलं की वळती. टोपी त्या बाईची हाय. शाल बी त्या बाईचीच हाय. तोंड चंदनचं हाय."

"अक्का, ते चित्र विलायतेत काढलंय. तुमची चंदन पाळण्यात असेल तेव्हा."

"व्हय. तसंच असंल." त्यांचा आवाज अगदी शांत होता, आणि तेच मला आवडलं नाही. "ओठ सुकून फुटल्यात तिचं. पाणी मागती."

५

सकाळी मी नाथाजीला हॉटेलात गाठलं. उजेडात तो वयानं मोठा दिसत होता. झुलपांना कलप होता.

"या भाऊसायेब, बसा! सांगलीत आपला ह्यो शेवटचा मुक्काम बरं का. कोल्हापूरला कंपनीनं बोलावलंय. बोलपटात."

"याआधी काम केलंय?"

"केलंय की. दोन वर्सामागं. मावळा झाल्तो, हातात भाला."

"दिसलात?"

"पाठ दिसली," तो म्हणाला. मग घाईनं, "सुरवातीला समद्यांची पाठच दिसती."

मी चंदनबालेचं नाव घेतलं. त्यानं ते दोनदा स्वतःशी म्हणून पाहिलं, चव घ्यावी तसं. "न्हाई बा. आमच्या तंबूबरूबर कोण पोरगी न्हवती. कुनालाबी इचारा." हे त्यानं इतकं सहज सांगितलं, की मला जवळजवळ पटलं. तंबूबरोबर नव्हती हे खरंही असणार. तेवढी अक्कल त्याला होती.

पोऱ्यानं पाण्याचे पेले आणून ठेवले. मी उगीच, गंमत म्हणून सांगितलं, "तुमच्या शेवंतानं बायकांच्या बाजूला फार गोंधळ घातलाय बरं का. म्हणे वळून बघते. आणि पाणी मागते."

नाथाजी हसायला लागला आणि मध्येच थांबला.

"पानी? कुनाकडं?"

"ते मी विचारलं नाही."

त्यानं समोरचा पेला बोटानं हळूच लांब सारला. इतका लांब, की तो माझ्या पेल्याला टेकला. मग चहा तसाच टाकून उठला.

६

त्या संध्याकाळी नाथाजी खोक्यावर उभा राहिला तेव्हा त्याची छडी हातात नव्हती. रंगरावाला त्यानं एकदा चुकून 'मी' म्हटलं. दाणे खाणाऱ्यांच्या ते लक्षात आलं नाही. लाटसाहेबाच्या मुलीचं लग्न लागलं, शेवंतानं खिडकीतून दिवे पाहिले, पूल आला.

"आन् तेवढ्यात, मंडळी, मागनं हाक..." नाथाजी थांबला. तो पडद्याकडे पाहत होता, त्या उजळ जागेकडे. आमच्या बाजूनं तिथं टोपी होती, दुसरं काही नाही. बाहेर विजेचं इंजिन धडधडत होतं. यंत्रवाल्यानं नाथाजीला वेळ द्यायला म्हणून हातानं फीत सावकाश केली.

"न्हाई आली हाक," नाथाजी म्हणाला.

"आरं, रंगराव कुठाय?" मागून कुणीतरी ओरडलं.

"रंगराव कोल्हापूरला ग्येला."

तंबूभर हशा पिकला. नाथाजीला तो ऐकू आला असं वाटलं नाही.

"म्हसवडच्या धरमशाळंत शेवंताला ताप भरला हुता. जत्रा उठलेली. सांजचं तिनं पानी मागितलं, आन् मागितल्यावर तिचं तिलाच आठवलं. म्हनली, आता नगं, दिस मावळलाय. आन् मला गाळलेलं लागतंय. रंगराव म्हनला, थांब, जैनाच्या घरातनं गाळलेलं घिऊन येतो, उजाडलं की पी. कुटं जाऊ नगं. तिनं मान हलवली. रंगराव भाईर आला तर मोटार उभीच हुती. सकाळी कोल्हापूरला कंपनीत उभं ऱ्हायचं हुतं. बसला." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "तांब्या हातातच ऱ्हायला त्येच्या. तिचाच हुता."

लोक चुळबुळले. "असला कसला शेवट?" असं एकजण म्हणाला, आणि दुसऱ्यानं त्याला गप्प केलं. पडद्यापलीकडे त्या दिवशी पुलालाही कुणी उठलं नव्हतं. इतक्या बायका इतक्या गप्प असू शकतात हे मला माहीत नव्हतं. फीत संपली आणि पडदा नुसता पांढरा झाला.

तंबू रिकामा झाल्यावर मी मागे गेलो. अक्का एकट्या बसल्या होत्या. लीलाबाई कंदील घेऊन शेजारी उभी.

"आज न्हाई वळली," अक्का म्हणाल्या. "त्यानं खरं सांगितलं, आन् ती माझ्याकडंबी पाठ करून उभी ऱ्हायली."

नाथाजी त्याच संध्याकाळी गेला. झुलपांचा कंगवा आणि छडी मागेच राहिली. कोल्हापूरला गेला असेल. पुढे काही बोलपटांतल्या सैन्यांत मी त्याला शोधायचा प्रयत्न केला, पण पाठीवरून माणूस ओळखणं अवघड.

७

घरी गेल्यावर अक्का अण्णांसमोर उभ्या राहिल्या आणि दोन वर्षांत पहिल्यांदा मोठ्यानं म्हणाल्या, "चंदन. म्हसवडची धर्मशाळा."

पहाटे मला जाग आली तेव्हा अण्णांचा कोट खुंटीवर नव्हता.

ते दोन दिवसांनी आले. ओसरीवर बसले. त्यांचे हात पिवळे नव्हते. कुठंतरी घासून घासून धुतले असावेत. मी खोलीत जायला निघालो तर म्हणाले, "बसा भाऊसाहेब. तुमी बी ऐका. मला दोनदा सांगाय यायचं न्हाई."

धर्मशाळेत झाडलोट करणारी एक म्हातारी होती, बनुबाई. तिला सगळं आठवत होतं. पोरीनं नाव सांगितलं नाही, गाव सांगितलं नाही. रात्री बनुबाईनं तिच्या तोंडाला पाणी लावलं तर तिनं तोंड फिरवलं. म्हणाली, दिवस उगवू दे. दिवस उगवला. बनुबाईनं पुन्हा तांब्या धरला. म्हणाली, हे नको, ते गाळलेलं आणायला गेलेत, येतीलच. दाराकडं तोंड करून पडली होती. ऊन डोक्यावर येईस्तोवर वाट बघितली तिनं. मग भिंतीकडं वळली.

"लोकांनीच मूठमाती दिली," अण्णा म्हणाले. "जागा दाखिवली म्हातारीनं. वर बोरीचं झाड हाय."

आत माठातून पाणी ठिबकत होतं.

"आता मला परत आंघोळ करावी लागंल," अण्णा म्हणाले. "पहिली लौकर झाली."

अक्का रडल्या नाहीत. त्या भिंतीकडे पाहत म्हणाल्या, "चार वर्साची हुती तवा रातची उठून पाणी मागायची. मी म्हणायची, उजाडू दे बाळ. झोप. शाणी माझी. झोपायची."

८

दुसऱ्या दिवशी तंबूचा शेवटचा खेळ होता. बोलायला नाथाजी नाही म्हणून मधल्या दिवसांत खेळ बंदच होते. लालासाहेबांनी मला विचारून पाहिलं. "भाऊसायेब, तुमाला तर विंग्रजी येतंय, तुमीच सांगा की." मी म्हटलं, इंग्रजी येतं म्हणूनच जमणार नाही. मग चित्र मुकंच दाखवायचं ठरलं.

दिवस असताना अक्कांनी पाणी गाळलं. नेहमीपेक्षा जाड फडकं, चौपदरी. पितळी तांब्या भरला, त्यावर दुसरं फडकं झाकलं आणि पदराखाली धरून त्या माझ्याबरोबर निघाल्या. अण्णा दारापर्यंत आले, तांब्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "सांडू नगं."

आम्ही पोचलो तेव्हा दिवस मावळला होता.

आवाजाशिवाय ते चित्र भलतंच लांब वाटलं. माणसं तोंडं हलवत होती आणि इंजिन धडधडत होतं. रंगरावानं शेवंताला काय वचन दिलं ते त्या दिवशी कुणालाच कळलं नाही, पण ती कशी हसली ते सगळ्यांनी पाहिलं. दाणेसुद्धा कुणी फोडेना. कोरडी जागा होतीच. माणसं तिच्यावरून येत जात होती आणि तिथं आली की क्षणभर उजळत होती. पूल आला. शेवंता येऊन उभी राहिली, पाठमोरी.

पलीकडे बांगड्या वाजल्या. लीलाबाईचा आवाज आला, "आवं अक्का, कुटं निघालाय?" मग कापडाच्या अगदी जवळ कुणीतरी उभं राहिल्यासारखा पडदा किंचित फुगला. आणि मागून पाणी आलं. फेकलेलं नव्हतं. वरून, धार धरून, सावकाश ओतलेलं.

ती पांढरी जागा काळी पडली. या वेळी काळीच राहिली. मी स्वतःला सांगितलं, दोन्ही बाजूंनी भिजल्यावर कोणतंही कापड भिजणारच. हे अजूनही मला पटतं.

पुढचं मी जसं पाहिलं तसं सांगतो; त्याबद्दल मला काहीच म्हणायचं नाही. पुलावरच्या बाईनं कोपर उचलले. दोन्ही हात तोंडापुढे नेले. मान थोडी पुढे वाकवली आणि तशीच राहिली, बराच वेळ. शाल एका खांद्यावरून ओघळली ती तिनं सावरली नाही. मग उजवा हात खाली झटकला, दोनदा, आणि शालीच्या टोकानं तोंड पुसलं.

फीत संपली.

शेजारचा गडी मला म्हणाला, "आज शेवट निराळा लावला व्हय?" मी म्हटलं, "हो, बहुतेक." तो म्हणाला, "ह्यो बरा हाय."

त्यानंतर मी इंग्रजी चित्रपट पुष्कळ पाहिले. निवृत्त माणसाला दुपारी दुसरं काय काम असतं? तिथली माणसं पेल्यानं पितात, कपानं पितात, दुःखात तर बाटलीनं पितात. ओंजळ धरून पाणी पिताना मला त्यांच्यातलं कुणी दिसलेलं नाही.

अक्का तंबूबाहेर माझी वाट पाहत होत्या. तांब्या उपडा, पदराखाली. आम्ही नदीकडच्या वाटेनं चालू लागलो. वाटेत त्या म्हणाल्या, "रातचं पाणी दिलं मी. पाप लागंल ते मला लागंल."

"अक्का, वळली का ती?"

"न्हाई," त्या म्हणाल्या. "मी धार धरली हुती, भाऊसाहेब. वर बघायला गावलंच न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत मागच्या दारी उभा होतो. अण्णा नदीवर आंघोळीला गेले होते. अक्कांनी ते चौपदरी फडकं उलगडलं, विहिरीच्या काठावर गुडघे टेकले आणि दोरीनं ते पाण्यापर्यंत सोडून उलटं करून हळूहळू विसळलं, रोजच्यासारखं, त्यातलं काहीही मरू नये म्हणून.